डोंगरात शिकलेली पदवी आणि पुढचं आयुष्य

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात अकरावी-बारावीला ‘आउटडोअर अँड एन्व्हायर्नमेंटल स्टडीज’ नावाचा विषय घेता येतो. गणित, केमिस्ट्री घेतात तसाच. वर्षाच्या शेवटी बोर्डाची लेखी परीक्षा असते आणि विद्यापीठाच्या प्रवेशात ते गुण धरले जातात. पुढे याच विषयाची, म्हणजे ‘आउटडोअर एज्युकेशन’ची, पदवी करता येते. ला ट्रोब विद्यापीठाच्या बेंडिगो केंद्रात हा विषय कित्येक दशकं शिकवला गेला. ब्रिटनमध्ये लेक डिस्ट्रिक्टमधल्या अँबलसाइडला तो शिकता येतो, एडिनबरो विद्यापीठात त्यात मास्टर्स होतं. म्हणजे ही कोणाची हौसेची शाळा नाही, रीतसर शिक्षणशाखा आहे.

आपल्याकडे हे सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, “म्हणजे ट्रेकिंगची डिग्री? आणि पुढे खायचं काय?” दुसरा प्रश्न रास्त आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. पण पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते नीट समजलं नाही तर दुसऱ्याचं उत्तरही चुकतं.

गिर्यारोहणाच्या कोर्समध्ये तुम्ही स्वतः चढायला शिकता. आउटडोअर एज्युकेशनमध्ये तुम्ही दुसऱ्याला बाहेर नेऊन तिथे काहीतरी शिकवायला शिकता. दोर, होडी, होकायंत्र ही साधनं. शिकवायचं असतं ते वेगळंच: एकत्र काम करणं, घाबरलेलं असतानाही विचार करणं, आपण उभे आहोत त्या जागेचा इतिहास-भूगोल ओळखणं. त्यामुळे अभ्यासक्रमात रॉक क्लाइंबिंग आणि कयाकिंगच्या बरोबरीने शिक्षणशास्त्र, गटाचं मानसशास्त्र, परिसरशास्त्र, हवामान, प्रथमोपचार आणि कायदा असतो. वर्गाबरोबरच बराच वेळ तंबूत जातो. निबंध मात्र सगळ्यांना लिहावे लागतात आणि बहुतेक मुलांची खरी कुरकुर असते ती त्यांच्याबद्दल.

या विचाराचा एक उगम जर्मनीत आहे. कुर्ट हान नावाच्या शिक्षकाने 1920 मध्ये दक्षिण जर्मनीत सालेम इथे शाळा काढली. नाझींना उघड विरोध केल्याबद्दल 1933 मध्ये त्याला अटक झाली, सुटल्यावर तो ब्रिटनला गेला आणि पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन शाळा सुरू केली. दुसरं महायुद्ध चालू असताना, 1941 मध्ये, वेल्समधल्या अबरडोव्ही या समुद्राकाठच्या गावी त्याने ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा काढली. पैसा आणि पाठबळ होतं ब्लू फनेल या जहाज कंपनीच्या लॉरेन्स होल्टचं. जहाज बुडाल्यावर लाइफबोटीत तरणीबांड पोरं आधी हार मानतात आणि मुरलेले खलाशी तगतात, असं होल्टचं म्हणणं असल्याचं सांगतात. ते आकडेवारीने सिद्ध झालेलं होतं की अनुभवाचे बोल होते, हा वाद बाजूला ठेवू. त्यातून महिनाभराचा कोर्स निघाला आणि ती कल्पना जगभर पसरली. अमेरिकेत पॉल पेट्झोल्टने 1965 मध्ये वायोमिंगमध्ये नोल्स ही संस्था काढली, तिचा भर चारित्र्य घडवण्यापेक्षा चांगले लीडर तयार करण्यावर होता. विद्यापीठांनी हा विषय उचलला तो यानंतर.

आता शिकवतात कसं ते एका उदाहरणावरून पाहू. मरे ही ऑस्ट्रेलियातली मोठी नदी. व्हिक्टोरियातले विद्यार्थी तिच्यावर कनूने, म्हणजे वल्ह्यांच्या निमुळत्या होडीने, अनेक दिवसांचा प्रवास करतात. काठावर रेड गम नावाची निलगिरीच्या कुळातली प्रचंड झाडं आहेत. ही झाडं जगतात ती अधूनमधून येणाऱ्या पुरावर. पण वर ह्यूम धरण आहे. शेतीला पाणी उन्हाळ्यात लागतं म्हणून नदी उन्हाळ्यात भरून वाहते, आणि हिवाळ्या-वसंतात, जेव्हा मुळात पाणी यायचं, तेव्हा ते अडवलं जातं. नदीचे ऋतूच उलटे झालेत. विद्यार्थी भर उन्हाळ्यात पाण्यात हात घालतो तर पाणी गार, कारण ते धरणाच्या खालच्या थरातून सोडलेलं. मग काठावरची वाळलेली रेड गम दिसतात. मग प्रश्न येतो की हे पाणी कोणाचं. मरेकाठचं बार्माचं जंगल तर योर्टा योर्टा या मूळनिवासी लोकांची भूमी, त्यांना कोणी विचारलं का? वल्ही मारता मारता सिंचन, राजकारण, वनस्पतिशास्त्र आणि वसाहतीचा इतिहास एकाच वळणावर भेटतात. पाठ्यपुस्तकात ही चार वेगळी प्रकरणं असती.

हेच आपल्याकडे कोलाडला करता येईल. कुंडलिकेवर सकाळी राफ्टिंग होतं ते भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून पाणी सोडतात म्हणून. ते पाणी मुळशी धरणाचं, म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेकडे जाणारं पाणी पश्चिमेकडे वळवलेलं. आणि त्या धरणाखाली गेलेल्या गावांसाठी 1921 मध्ये सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह उभा केला होता. राफ्टमध्ये बसलेल्या किती जणांना हे कोणी सांगतं? हेल्मेट, लाइफ जॅकेट, “फॉरवर्ड, फॉरवर्ड” आणि शेवटी फोटो. वल्ही दोन्हीकडे तीच. शिक्षण फक्त एकीकडे.

दुसरी गोष्ट या शिक्षणात फार खोलवर शिरते ती म्हणजे धोका. तो टाळायचा नाही, मोजायचा. विद्यार्थ्यांना जुन्या दुर्घटनांचे अहवाल ओळ न् ओळ वाचायला लावतात. इंग्लंडमध्ये 22 मार्च 1993 रोजी लाइम बे इथे शाळेची मुलं कयाकिंगला नेली होती, वाऱ्याने होड्या समुद्रात खेचल्या गेल्या आणि चार मुलं दगावली. केंद्र चालवणारी कंपनी आणि तिचा संचालक दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं गेलं आणि 1995 मध्ये अशा केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा आला. न्यूझीलंडमध्ये एप्रिल 2008 मध्ये मांगाटेपोपोच्या घळीत मुलांचा गट असताना मुसळधार पावसाने लोंढा आला, सहा विद्यार्थी आणि एक शिक्षक गेले. हे अहवाल वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. एकच मोठी चूक क्वचितच असते. हवामानाचा अंदाज नीट न पाहणं, उशीर झाल्यावर कोणी कोणाला कळवायचं हे न ठरवणं, गटाच्या मानाने अनुभवी माणसं कमी असणं, अशा लहान लहान गोष्टी एकावर एक बसत जातात. तोल सुटतो तो क्षण शेवटचा असतो, घटना बरीच आधी सुरू झालेली असते.

वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला दोन वर्षं सतत असा विचार करायला लावला की त्याची नजर बदलते. जुलैत सह्याद्रीत सकाळी पोटरीभर पाण्याचा ओढा ओलांडताना बाकीचे पलीकडची वाट पाहतात, हा मागे वळून पाहतो: वर किती पाणलोट आहे, ढग कुठे आहेत, दुपारी याच ओढ्यातून परत यायचं आहे आणि दुसरी वाट आहे का. तो हेडकाउंट करतो, सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे घेतो आणि मागे राहणारा माणूस भरवशाचा ठेवतो. हे सांगायला सोपं आहे. पंचवीस जणांनी पैसे भरलेत, गड समोर दिसतोय, सगळे उत्साहात आहेत आणि तेव्हा “इथून परत” म्हणणं सोपं नाही. नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियम आहेत, शाळकरी पोरांनाही पाठ असतात. त्यातला आठवा सांगतो की वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. माझ्या मते या पदवीचं सार त्या एका ओळीत आहे, बाकीची दोन-अडीच वर्षं ती ओळ अंगात मुरवण्यात जातात.

तिसरी गोष्ट वरवर अगदी क्षुल्लक. दिवसाच्या शेवटी सगळे गोल बसतात आणि बोलतात. काय झालं, त्याचा अर्थ काय, पुढच्या वेळी काय करायचं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हा प्रकार नाटकी वाटतो आणि खरंच बऱ्याचदा असतो. तिसऱ्या वर्षापर्यंत त्यातला चांगला विद्यार्थी एक नेमका प्रश्न विचारून गप्प बसायला शिकतो. “तू दोर सोडलास तेव्हा तुला काय दिसत होतं?” एवढंच. उत्तर यायला वेळ लागतो आणि तो वेळ भरून न काढणं हे कौशल्य आहे. शिक्षकी, नर्सिंग, समुपदेशन, एवढंच काय सोसायटीच्या मीटिंगमध्येही ते दुर्मीळ आहे.

आता खाण्यापिण्याचा प्रश्न.

पदवी झाल्यावर पहिली नोकरी सहसा आउटडोअर सेंटरवर किंवा शाळांचे कॅम्प चालवणाऱ्या संस्थेत मिळते. मिळते लवकर, कारण माणसं कायम कमी असतात. कमी का असतात याचं कारण पगारात आहे. काम हंगामी, कंत्राट काही महिन्यांचं, राहणं-जेवण बऱ्याच ठिकाणी धरून, हातात येणारा पैसा थोडा. दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्री मुलं झोपल्यावर ओले हार्नेस वाळत घालून संपतो. काहीजण उत्तर गोलार्धातला उन्हाळा संपला की दक्षिण गोलार्धात जातात, म्हणजे वर्षभर काम मिळतं. पंचविशीत ही चैन वाटते. घराचा पत्ता नसणं तेव्हा मिरवायची गोष्ट असते.

पदवीशिवाय कागदही वेगळे लागतात. ब्रिटनमध्ये ‘माउंटन लीडर’ ही डोंगरात गट नेण्याची पात्रता हवी तर प्रशिक्षणाला जाण्याआधी लॉगबुकमध्ये डोंगरातले किमान 20 दर्जेदार दिवस लागतात, परीक्षेआधी 40, शिवाय तंबूतल्या आठ रात्री. नुसतं टेकडी चढून-उतरून आलेला दिवस धरत नाहीत. पदवीमुळे सवलत मिळत नाही, फक्त ते दिवस भरायची संधी मिळते. म्हणून प्रवेश घेताना कोर्सचं नाव काय यापेक्षा त्यात ही बाहेरची प्रमाणपत्रं अंतर्भूत आहेत का, हे बघावं.

तिशीच्या आसपास वळण येतं. गुडघे बोलू लागतात, कयाकिंग करणाऱ्यांचे खांदे. लग्न होतं किंवा जुळलेलं मोडतं, कारण वर्षातले सहा महिने घरी नसणाऱ्याशी संसार करणं अवघडच. बँक हंगामी पगारावर कर्ज द्यायला का-कू करते. इथे बरेच जण पूर्णवेळ इन्स्ट्रक्टरचं काम सोडतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, संपलं, डिग्री वाया गेली. मला हे वाचन बरोबर वाटत नाही. सोडणारे जातात कुठे ते बघा: शाळेत शिक्षक होतात, राष्ट्रीय उद्यानात रेंजर होतात, पॅरामेडिक होतात, कारखान्यात सुरक्षा बघतात, अडनिड्या वयाच्या मुलांबरोबर काम करतात, आपत्ती निवारणात जातात. या सगळ्या कामांत समान धागा आहे. अपुऱ्या माहितीवर, वेळ कमी असताना, दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी घेऊन निर्णय करायचा. इंजिनिअर होऊन इंजिनिअरिंग न करणाऱ्याला आपण काही म्हणत नाही, मग यांनाच का?

आपल्या देशातलं एक उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे, पण या बाजूने फारसं पाहिलं जात नाही. बचेंद्री पाल. उत्तरकाशीजवळच्या नाकुरी गावातली मुलगी, एम.ए., बी.एड. झालेली, मनासारखी नोकरी मिळत नव्हती. तिने उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत, म्हणजे ‘निम’मध्ये कोर्स केला. 23 मे 1984 रोजी ती एव्हरेस्टवर पोचली, हे पाठ्यपुस्तकात आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा भाग. टाटा स्टीलने जमशेदपूरला साहस प्रशिक्षणाची संस्था उभी केली आणि बचेंद्रींनी ती तीन दशकांहून जास्त काळ चालवली. कंपनीचे कर्मचारी, गृहिणी, शाळकरी मुलं यांना बाहेर नेलं. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एव्हरेस्ट चढलेल्या प्रेमलता अग्रवाल आणि एक पाय गमावल्यावर ते शिखर गाठणाऱ्या अरुणिमा सिन्हा यांच्या पाठीशी त्याच होत्या. शिखर एकदा चढलं, शिकवण्याचं काम आयुष्यभर चाललं. बी.एड. वाया गेलं नाही, वर्गाची जागा बदलली.

बायकांचा विषय निघालाच आहे तर सांगितलं पाहिजे की हे क्षेत्र फार काळ पुरुषी होतं आणि अजूनही पुरतं बदललेलं नाही. लीडर म्हणजे दाढीवाला, रांगडा गडी, ही प्रतिमा पक्की. पाळीच्या दिवसांत चार दिवसांच्या मोहिमेवर काय करायचं, कचरा कुठे आणि कसा न्यायचा, याबद्दल उघड बोलणं प्रशिक्षणात आलं ते बरंच उशिरा. मुलींनी अशा शिक्षणातून काय मिळवलं असं विचारलं तर अनेकदा पहिलं उत्तर दोरांबद्दल नसतंच. शरीर कसं दिसतं यापेक्षा ते काय काय करू शकतं हे कळलं, असं त्या म्हणतात.

इथे एक सावधगिरीची सूचना. “या पदवीने माझं आयुष्य बदललं” असं सांगणारे पुष्कळ भेटतात, खोटं बोलत नाहीत. पण मुळात हे शिक्षण कोण निवडतं? ज्याला बाहेर राहायला आवडतं, ज्याच्या घरच्यांनी अडवलं नाही, ज्याच्याकडे बुटांना आणि सॅकला पैसे होते तो. अर्धा बदल त्याच्यात आधीच झालेला असतो. पहिल्या वर्षी सोडून गेलेल्यांना कोणी मुलाखतीला बोलावत नाही. शिवाय या शिक्षणाने एक अस्वस्थताही येते. ट्यूबलाइटखाली आठ तास बसणं नकोसं होतं, शहर सहन होत नाही. काहींसाठी ती दिशा ठरते, काहींसाठी नुसतीच चिडचिड.

आपल्याकडे अशी तीन वर्षांची पदवी सहज मिळत नाही, पण तुकड्यातुकड्यांत बरंच आहे. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट 1954 मध्ये सुरू झाली, तेनझिंग तिथले प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे पहिले संचालक. उत्तरकाशीचं निम 1965 चं. तिथे साधारण चार आठवड्यांचा बेसिक, त्यात ‘ए’ श्रेणी मिळाली तर ॲडव्हान्स, आणि त्यापुढे मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे एमओआय. शिकवायला शिकवणारा भाग येतो तो या शेवटच्या टप्प्यात. शिस्त लष्करी वळणाची, पहाटे पळणं, रांगेत जेवण. गोल बसून मनातलं बोलणं तिथे फारसं नाही. पण 2013 च्या केदारनाथ प्रलयानंतर पुनर्बांधणीची जबाबदारी निमवरच आली होती. आणि ऑक्टोबर 2022 मध्ये द्रौपदी का डांडा शिखरावर हिमप्रपातात निमच्याच ॲडव्हान्स कोर्सचे पंचवीसहून जास्त प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक गेले, हेही आई-बाबांना न लपवता सांगायला हवं.

महाराष्ट्राचं वैशिष्ट्य म्हणजे क्लब. मुंबईची गिरीविहार, पुण्याची गिरिप्रेमी, मुलुंडचे चक्रम हायकर्स. नोकरी-धंदा सांभाळून शनिवार-रविवार शिकवणारी माणसं, बहुतेक फुकट. जुलै 2023 मध्ये इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर रात्री दरड कोसळली. गाडी जाईल असा रस्ताच नव्हता, अंधारात, पावसात, चिखलाच्या वाटेने चढून जायचं होतं. त्या रात्री मदतीला धावलेल्यांत आसपासच्या ट्रेकर मंडळांतले स्वयंसेवक होते. कोणाकडे पदवी नव्हती. वर ज्याला शिक्षण म्हटलं ते मात्र त्यांच्याकडे होतं.

अडचण वेगळ्याच जागी आहे. आता वीकेंडला दोन-दोन बस भरून गडावर जातात आणि लीडर असतो विशीतला मुलगा, ज्याची पात्रता म्हणजे तो आधी दोनदा तिथे गेलाय. राज्याच्या पर्यटन विभागाने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, नोंदणी आणि सुरक्षेचे निकष घातले. दुसरीकडे 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना शिकण्याबद्दल बोलतं. म्हणजे मुलांना बाहेर नेणारी, नेऊन शिकवणारी आणि सुखरूप परत आणणारी माणसं लागणार. ती कुठून येणार याचं उत्तर कोणत्याच कागदावर नाही.

म्हणून बारावी झालेल्या मुला-मुलीला हे करायचंच असेल तर माझा सल्ला असा. नेहमीची पदवी सोडू नका, तिच्याबरोबर बेसिक करा. जवळच्या क्लबात दोन पावसाळे काढा आणि पहिल्या दिवसापासून लॉगबुक लिहा: तारीख, वाट, हवामान, गटात किती जण, काय बिघडलं. दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचा कोर्स करा, तो कोणत्याही कामात लागतो. यानंतरही हुरूप टिकला तर परदेशातल्या पदवीचा विचार करा, आणि कर्ज काढण्याआधी त्या विद्यापीठाला तीन प्रश्न लिहून पाठवा. वर्षातले किती दिवस प्रत्यक्ष बाहेर असतात? कोणती व्यावसायिक प्रमाणपत्रं फीमध्ये धरली आहेत? आणि पाच वर्षांपूर्वी पास झालेली मुलं आज काय करतात? पहिल्या वर्षीच्या नोकरीचे आकडे सगळेच देतात, उत्तर पाचव्या वर्षाचं मागा.